फाट्यावरची खिळ्यांची फळी

‘हल्ली प्रवासात हरवलेलं परत मिळत नाही,’ असं कोणी म्हटलं की मी वाद घालतो. एरवी तो माझा स्वभाव नाही. पाटबंधारे खात्यात मी कालव्याच्या पाण्याच्या पातळ्या मोजतो आणि नोंदी ठेवतो. पाणी वाद घालत नाही, जेवढं असेल तेवढं दाखवतं. पण या एका बाबतीत माझ्याकडे आकडा आहे. एकशे अठरा वस्तूंपैकी एकशे चार परत गेल्या. एका फाट्यावरून, एका बाईच्या हातून. ज्याला पटत नसेल त्याने आपला आकडा आणावा.

बाईंचं नाव मार्था साळवे. नेवाशाहून शेवगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका फाट्याला आमचं उपकार्यालय होतं आणि त्याच्या समोर मार्थाबाईंची रसवंती. पत्र्याचं छप्पर, आत येशूचं एक चित्र, चार बाकं, मोटारीवर चालणारा चरक, चरकाच्या चाकाला बांधलेले घुंगरू, मागे एक कडुलिंब. उन्हाळ्यात रस, पावसाळ्यात चहा. पाथर्डी, तिसगावकडच्या बस तिथे थांबत, शिर्डी करून मोहट्याच्या देवीला निघालेल्या गाड्याही थांबत. माणसं उतरायची, तोंड धुवायची, रस प्यायची आणि हॉर्न वाजला की पळायची. पळताना काहीतरी मागे राहायचंच.

राहिलेली वस्तू मार्थाबाई टांगत. रस्त्याकडे तोंड करून, दोन बांबूंवर त्यांनी एक लांब फळी ठोकली होती. तिला एकवीस खिळे. छत्री, टोपी, चष्मा, डबा, जे असेल ते खिळ्याला. पेटीत नाही, गल्ल्याखाली नाही, उघड्यावर.

शेजारच्या हॉटेलवाल्या बबनला ते कधीच पटलं नाही. “मावशी, लोक काय म्हनतील? भंगाराचं दुकान टाकलंय म्हनतील. आन चोर उचलून न्हेईल ते येगळंच.”

“न्हेऊ दे. एका चप्पलसाठी येनारा चोर तुझ्याच हाटेलात चा पितो का बघ.”

“आत ठिवा की, कोनी आलं की द्या काढून.”

“बबन, सापडलेलं लपवून ठिवलं की चोरीचं दिसतं. ज्याचं हाय त्याला बसच्या खिडकीतनं दिसाया पायजे.”

हे एवढंच त्यांचं तत्त्व. त्यावर पाच मिनिटांहून जास्त बोललेलं मी कधी ऐकलं नाही. बोलण्यापेक्षा त्यांना ऊस पिळणं आवडायचं. उंच, काटक बाई; पदर कमरेला खोचलेला, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, त्याची एक काडी सुतळीने बांधलेली. आवाज असा की चरक चालू असतानाही पलीकडच्या कडेला उभ्या असलेल्या कंडक्टरला हाक ऐकू जायची.

माझी ओळख झाली ती माझ्याच चुकीने, तिथे बदली होऊन आलो त्याच आठवड्यात. मुलीच्या प्रवेशाची कागदपत्रं घेऊन मी शेवगावला निघालो होतो. बस बदलायला फाट्यावर उतरलो, रस घेतला, आणि फाईल बाकावर ठेवून पुढच्या बसमध्ये चढलो. मूळ प्रती होत्या. शेवगावला उतरल्यावर हात रिकामा दिसला तेव्हा समोर उभी होती ती परतीची बस धरली. परत येईपर्यंत दीड तास गेला. बस वळणावर आली आणि खिडकीतून मला माझी निळी फाईल दिसली. कपड्याच्या चिमट्याने खिळ्याला लावलेली, नाव आतल्या बाजूला.

मी धावत गेलो. बाईंनी चरक थांबवला नाही. “काय काय हाय त्यात?”

मी सांगू लागलो. दहावीची गुणपत्रिका, बारावीची, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला. फाईलमधल्या क्रमाने, प्रत्येकाच्या किती झेरॉक्स तेही. चौदापर्यंत पोचलो तेव्हा बाकावरची माणसं हसायला लागली होती.

“भाऊसाहेब,” मार्थाबाई म्हणाल्या, “एवढं समदं पाठ हाय तर इसरला कसं?”

मी फाईल काढून घेतली आणि एक रस मागवला. 

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडचं रोजचं गिऱ्हाईक झालो आणि माझ्या खिशातल्या वहीत, पाण्याच्या पातळीखाली, फळीची नोंद ठेवू लागलो. टांगलेल्या किती, गेलेल्या किती. मी त्यांना पद्धतशीर रजिस्टरही करून दिलं होतं. तारीख, वस्तूचं वर्णन, नेणाऱ्याचं नाव, सही. त्यांनी त्याच्या पानांत उसाची कांडकी गुंडाळली.

“सही घेतली म्हंजी वस्तू त्याची झाली व्हय? सही तर चोर बी करतो.”

“मग तुम्ही ओळखता कशावरून?”

“हातावरनं. दुसऱ्याची वस्तू घेताना मानूस ती बघून घेतो. आपली बघत न्हाई, सरळ हात घालतो.”

मी सहा वर्षं पाहिलं. त्यांचं म्हणणं खरं होतं. छत्री न्यायला आलेला माणूस बाईंकडे बघत, गाडी निघेल म्हणून ड्रायव्हरला ओरडत, न बघता नेमक्या खिळ्यावरून आपली छत्री काढायचा.

एकदा तिसगावकडचे एक आजोबा कवळी विसरले. नळावर धुतली, कठड्यावर ठेवली आणि बसले गाडीत. बाईंनी ती उकळत्या पाण्याने धुतली, पारदर्शक पिशवीत घातली आणि सरळ फळीवर टांगली. फाट्यावर दिवसभर करमणूक झाली. कोणी म्हणे मावशी, हसतीय बघा तुमची फळी. कोणी त्या दातांना रस दाखवी.

“हसा,” मार्थाबाई म्हणाल्या. “तुमचे दात तुमच्या तोंडात हायत म्हनून हसताय. त्यो बिचारा आता भाकर चघळत बसला आसंल.”

दुसऱ्या दिवशी आजोबा आले. तोंडावर उपरणं. काही बोलेनात, नुसतं बोट दाखवलं. पाठ फिरवून कवळी घातली आणि वळून पहिलं वाक्य बोलले ते असं: “नातीची सोयरीक हुती काल. पाव्हन्यांम्होरं मुक्यावानी बसलो. पाव्हनं म्हनले आजोबा लई शांत हायेत, जमलं आपलं!” मग बाकावरचे सगळे हसले, पण ते आता आजोबांबरोबर.

बक्षीस देऊ करणाऱ्याला बाई उभं करत नसत. कॅमेऱ्याची पिशवी न्यायला आलेल्या पुण्याच्या एका तरुणाने पिशवी हातात घेतली आणि मोबाईल वर धरला. “मावशी, इकडे बघा, सांगा कशी सापडली. तुमच्यासारख्या प्रामाणिक गरीब लोकांमुळेच...”

मार्थाबाईंनी पिशवी त्याच्या हातातून काढून पुन्हा खिळ्याला लावली. “आधी फोन खिशात घाल. मंग पिशवी काढ. आन गरीब कुनाला म्हनतो रं? इसरून तू गेलास.”

तो नंतर खूप वरमला. दोन गिलास रस प्याला आणि फोन न काढता गेला.

हे सगळं कशासाठी करता, असं मी त्यांना एकदाच विचारलं. मला वाटलं होतं, लहानपणी काही हरवलं असेल, प्रार्थनेत काही ऐकलं असेल. त्या म्हणाल्या, “तुमी कारन नसताना इसरता. मी कारन नसताना ठिवते. ह्यात इचारन्यासारखं काय हाय?”

आता जे सांगायचं आहे त्यात मी शहाणा ठरत नाही, तरी सांगतो.

ऐन उन्हाळ्यात एका सकाळी अकराच्या सुमारास दोन जीपगाड्या फाट्यावर थांबल्या. पंधरा-सोळा माणसं. पुरुषांच्या खांद्यावर पांढरी उपरणी, बायकांचे डोळे सुजलेले. रस कोणी घेतला नाही, नुसतं पाणी प्यायले; बोलणं चाललं होतं ते ‘आई’चं. प्रवरासंगमावर अस्थी सोडायला निघाले होते हे सांगावं लागत नव्हतं. पाऊण तासाने दोन्ही गाड्या गेल्या. त्यानंतर मार्थाबाई मागे पिळलेल्या उसाच्या चोयट्या टाकायला गेल्या तर कडुलिंबाच्या फांदीला एक पिशवी. आत तांब्याचा तांब्या, त्याच्या तोंडाला लाल फडकं.

ही चूक आमच्याकडच्याच माणसांची. अस्थी जमिनीवर ठेवत नाहीत, छपराखाली नेत नाहीत, झाडाला टांगतात. त्यांनी रीत तंतोतंत पाळली. मग पहिल्या गाडीला वाटलं दुसरीने घेतल्या, दुसरीला वाटलं पहिलीने.

मी पोचलो तेव्हा झाडाभोवती दहा-बारा माणसं लांबूनच उभी होती. हात कोणी लावत नव्हतं. बबन म्हणत होता, “येतील की तासाभरात. राहू द्या तितंच.”

“मागच्या झाडाला? रस्त्यावरनं दिसंल व्हय त्यास्नी?” असं म्हणून मार्थाबाईंनी हात धुतले, पदर डोक्यावर घेतला, पिशवी काढली आणि पुढे आणून फळीच्या पहिल्या खिळ्याला लावली. मग चरकाच्या चाकाचे घुंगरू सोडून ठेवले.

तासाभरात कोणी आलं नाही. संध्याकाळपर्यंतही नाही. संगमाहून परतताना ते दुसऱ्या वाटेने गेले असावेत, किंवा भलत्याच थांब्यावर शोधत असावेत. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बसच्या कंडक्टरला बाई सांगत होत्या, शेवगावला सांगा, पाथर्डीला सांगा, तिसगावला सांगा. मी म्हणालो, फोटो काढून ग्रुपवर टाकतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मोबाईल माझा मीच खाली घेतला. “मेलेल्या मानसाचा फोटो गावोगाव फिरवनार?”

आणि गिऱ्हाईक तुटलं. अस्थी टांगलेल्या ठिकाणी रस कोण पिणार? गाडी थांबायची, माणसं उतरायची, फळीकडे बघायची आणि बबनच्या हॉटेलात जायची. एरवी त्या दिवसांत शे-दीडशे गिलास जात. पहिल्या दिवशी सतरा गेले, दुसऱ्या दिवशी नऊ. नऊपैकी दोन मी प्यायलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाट्यावरची पाच-सहा कर्ती माणसं जमली. बबनने मलाही बोलावलं. सगळ्यांचं म्हणणं एक होतं. कालवा पन्नास पावलांवर आहे, पाणी सुटलेलं आहे, हात जोडून सोडून द्यावं. पाणी ते पाणी. आणि हे म्हणणं आकडेवारीसह मांडलं मी. सावडून किती दिवस झाले असतील, दहाव्याला किती उरले, आवर्तन आणखी चार दिवस आहे, नंतर कालवा कोरडा. दहाव्याच्या आत अस्थी पाण्यात जायला हव्यात, हे मी त्यांना समजावून सांगितलं. मला वाटलं मी मदत करतोय.

मार्थाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “भाऊसाहेब, तुमच्या कालव्याचं पानी कुटं जातं?”

“शेतात.”

“कशाला?”

“बहुतेक उसाला.”

“म्हंजी त्या माउलीनं उसात जायचं. आन तोच ऊस मी इथं पिळायचा.”

बबन कालव्याकडे बघू लागला.

“तुमी पानी मोजा. त्यात तुमचा हात कोन धरनार न्हाई. पन ही वस्तू न्हाई, मानूस हाय, आन तिचं मानूस तिला हुडकत आसंल. त्यो इथनं जाईल तवा ती त्याला दिसली पायजे. ज्याला रस नको त्यानं पिऊ नये. जावा.”

आम्ही गेलो. जाताना मी वळून पाहिलं. त्यांनी खाट ओढून फळीखाली टाकली होती आणि उसाच्या वाढ्याने कावळे हाकत बसल्या होत्या. पिशवीशी काहीतरी बोलतही होत्या. काय ते तिसऱ्या दिवशी सकाळी ऐकलं. “बाई, ऊन लई झालंय, सावली सरकली. जरा कडंला घेते तुला.”

त्याच दिवशी दहाच्या सुमारास पाथर्डीच्या बाजूने एक मोटारसायकल आली. चालवणारा चाळिशीचा, दाढी वाढलेली. मागे एक म्हातारे. गाडी प्रत्येक झाडापाशी हळू होत होती. त्या माणसाचं तोंड रस्त्याकडे नव्हतंच, फांद्यांकडे होतं. फळीच्या अलीकडे शंभर फुटांवर गाडी थांबली. त्याने ती स्टँडवर लावली नाही, नुसती सोडली. म्हाताऱ्यांनी कशीबशी धरली. रस्ता डांबरी, ऊन तसलं, आणि त्याने तिथेच चपला काढल्या आणि अनवाणी चालत आला.

मार्थाबाई उठून उभ्या राहिल्या. आत काय आहे, फडकं कसलं आहे, काही विचारलं नाही. मला नंतर म्हणाल्या, “शंभर फुटांवर चपला काढल्या त्यानं. आनिक काय इचारायचं?”

तो फळीपाशी आला आणि हात वर करता करता थांबला. रडत होता. त्याचं नाव रंगनाथ, राहणार तिसगावच्या पुढच्या एका वस्तीवर. पिशवी आपणच टांगली आणि आपणच विसरलो, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. संगमावर पोचल्यावर कळलं. तेव्हापासून जेवलेला नव्हता. वाटेत आणखी एका चिंचेखाली थांबले होते, तिथेच दोन दिवस शोधत राहिले, कारण पिशवी चिंचेलाच टांगल्याचं त्याला पक्कं आठवत होतं. घरची मंडळी म्हणत होती, अस्थींच्या जागी दर्भाचं काहीतरी करू आणि दहावा उरकू.

तेवढ्यात म्हातारे पोचले. ते त्याचे चुलते. त्यांनी आधी पिशवी पाहिली, मग छपरातलं येशूचं चित्र पाहिलं, मग मार्थाबाईंना.

“इथं कुनी टांगलं हे?”

“म्या.”

“म्हंजी हात लागला तुमचा.”

“लागला की. हाताबिगर टांगायची कशी?” मार्थाबाईंचा आवाज चढला नव्हता. उलट खाली आला होता, तसा मी पहिल्यांदाच ऐकला. “तुमच्या समद्यांचे हात चालनारे हुते, तरी ती झाडाला राहिली. माझ्या हातानं ती तुमच्या नजरंला पडली. तुमाला चालत नसंल तर तुमी मागं ऱ्हावा, बाबा. ज्याची आई हाय त्यो घेईल.”

“नाना, गप ऱ्हावा,” रंगनाथ म्हणाला, आणि बाईंच्या पायांशी वाकला. त्यांनी त्याला मध्येच धरलं.

“माझ्या पाया नको. नाव काय तिचं?”

“गयाबाई.”

मार्थाबाईंनी स्वतः पिशवी खिळ्यावरून काढली, चुलत्यांच्या देखत, आणि दोन्ही हातांनी त्याच्या हातात दिली. “गयाबाई, जावा आता. पोरगं आलंय.”

रंगनाथ म्हणाला, “मावशी, तीन दिवस तुमच्यापाशी हुती. संगमापर्यंत चला.”

“माझं इथवरच. मी गेले आन मागं आनिक कुनी हुडकत आलं तर?”

मोटारसायकल नेवाशाच्या दिशेने गेली. मागे बसलेल्या चुलत्यांनी पिशवी मांडीवर घेतली होती, दोन्ही हातांनी घट्ट धरून. बाईंनी घुंगरू पुन्हा चाकाला बांधले, मोटार चालू केली आणि मला गिलास दिला. मी तो घेताना खाली बघत होतो.

“न बघता घेतला, भाऊसाहेब,” त्या म्हणाल्या. “तुमचाच हाय.”

पुढच्या वर्षी रस्ता रुंद करायचं काम निघालं. फाट्यावरची छपरं हलवायची ठरली. बबनने मागे जागा घेतली. मार्थाबाईंनीही चरक त्याच्या शेजारी हलवला, त्याला त्यांची ना नव्हती. पण फळी रस्त्याच्या कडेलाच राहील, म्हणाल्या. कामावरचा मुकादम रोज यायचा, रोज सांगायचा. माझी बदली राहुरीकडे झाली त्या आठवड्यात मी तिथे उभा होतो.

“आजी, चालू काम हाय. काढा हे लटांबर.”

“पंधरा जन यायचे हायत अजून.”

मी चमकलो. माझ्या वहीतही उरलेल्या वस्तू पंधराच होत्या. सहा वर्षं मोजण्यावरून त्या मला चिडवत आल्या होत्या.

“कवा येनार ते?” मुकादम वैतागला.

“त्यास्नी इचार. मला काय म्हाईत?”

मुकादमाने रोलरवाल्याकडे पाहिलं, रोलरवाल्याने आभाळाकडे. बाई फळीखाली खुर्ची टाकून बसल्या. त्या दिवशी काम पलीकडच्या बाजूने सुरू झालं.

त्यानंतर आठ महिन्यांनी एका लग्नाला पाथर्डीकडे जाताना मी त्या रस्त्याने बसने गेलो. नवा रस्ता ओळखू येत नव्हता. कडुलिंब नव्हता, जुनं छप्पर नव्हतं. बस तिथे आता थांबत नाही, पण पुढे एक ट्रॅक्टर होता म्हणून हळू झाली. डांबराच्या कडेला, पांढऱ्या पट्ट्याला जेमतेम चिकटून, दोन बांबू उभे होते. खाली खुर्ची. खुर्चीत मार्थाबाई, पदर डोक्यावर, सुतळीचा चष्मा बसच्या खिडक्यांवर रोखलेला. मी हात हलवला. त्यांनी मला ओळखलं का, सांगता येत नाही. त्या एकेक खिडकी बघत होत्या, कोणी काही विसरलेला माणूस आहे का ते.

मी फळीवरच्या वस्तू मोजल्या. पुन्हा मोजल्या. चौदा होत्या.

वही काढली आणि एकशे तीनचे एकशे चार केले.